कुबट वासावरचे माझे उपाय

२ ऑगस्ट
बायको माहेरी गेली. चार दिवसांसाठी. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन गेली, पण तिला पहिल्यापासूनच कमी सामानात निघता येत नाही. दारात म्हणाली, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." रागात माणूस काहीही बोलतो. मी पेपर वाचत होतो, त्यामुळे फारसं लागलं नाही.

समोरच्या काकूंनी लगेच चौकशी केली. मी सांगितलं, सासूबाईंना बरं नाही, म्हणून गेलीय. चटकन सुचलं. सासूबाई ठणठणीत आहेत, जिना चढताना मला मागे टाकतात. पण घरची भानगड घरातच राहिली पाहिजे.

संकल्प : घर असं चालवायचं की परत आल्यावर तिने तोंडात बोट घातलं पाहिजे. सुरुवात कपड्यांपासून. अवघड काय आहे? मशीन आहे, बटण आहे.

५ ऑगस्ट
सगळे कपडे एकदम मशीनमध्ये कोंबले. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत. याला प्लॅनिंग म्हणतात. कपडे दुप्पट म्हणून पावडरही दुप्पट. बायकोला हे इतक्या वर्षांत सुचलं नाही.

६ ऑगस्ट
कपडे काल मशीनमधून काढायचे राहिले. आज काढले. दोरी बेडरूममध्ये बांधली. धूळ नको म्हणून खिडक्या बंद.

७ ऑगस्ट
टॉवेलला वास येतोय. धुतलेला, स्वच्छ टॉवेल, पण तोंड पुसलं की ओल्या पोत्यात तोंड घातल्यासारखं वाटतं. पावडरमध्ये भेसळ असणार. कंपनीला कडक ईमेल लिहायला घेतला. सब्जेक्टच्या पुढे सुचलं नाही.

८ ऑगस्ट
ऑफिस. शेजारच्या अकाउंटंटने आपला टेबलफॅन दुसरीकडे वळवला. सर्दी झाली असेल. मीटिंगमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. सीनियर माणसाला लोक आपोआप जागा देतात.

संध्याकाळी शर्टावर सेंट मारला. आता सेंट लावलेल्या पोत्यासारखा वास येतोय.

९ ऑगस्ट
बायकोला फोन केला. केवळ वासासाठी. दुसरं काही नाही.

तिने नीट सांगितलं. ओले कपडे मशीनमध्ये ठेवू नकोस, पावडर निम्मी कर, धुऊन झाल्यावर मशीनचं दार उघडं ठेव, खिडक्या उघड. मग म्हणाली, "आईला बरं नाहीये रे."

मला हसू दाबावं लागलं. काकूंचा तिकडे फोन गेला असणार आणि हिने माझी थाप तिथल्या तिथे उचलून धरली! म्हणजे घराच्या अब्रूची तिलाही काळजी आहे. हे चांगलं लक्षण. मीही खणखणीत आवाजात म्हणालो, "हो हो, काळजी घ्या बरं का!"

ती म्हणाली, "एवढंच?"

मी म्हणालो, नाही, सॉफ्टनर घालू का?

फोन कट झाला. नेटवर्क.

१२ ऑगस्ट
मशीनच्या दाराचं रबर उलटं करून पाहिलं. आत काळा, बुळबुळीत थर. शिवाय माझा एक मोजा, जो हरवल्याबद्दल मी बायकोला पुष्कळ ऐकवलं होतं. मोजा फेकून दिला. पुरावे ठेवू नयेत.

जुन्या टूथब्रशने रबर घासलं. कंबर धरली. ही कामं सोपी नाहीत. कोणी दखल घेत नाही तो भाग वेगळा.

१४ ऑगस्ट
व्हिनेगर आणि खायचा सोडा एकदमच टाकले. वेळ वाचावा म्हणून. मग नेमकं बटण चुकलं, दार उघडलं, आणि फेस माझ्या आधी हॉलमध्ये पोहोचला. खालच्या मजल्यावरचे वर आले. मी म्हटलं, सर्व्हिसिंग चालू आहे.

१६ ऑगस्ट
यश! निम्मी पावडर, गरम पाणी, मोजके कपडे, लगेच गच्चीत उन्हात. टॉवेल नाकाला लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही! आनंदाने बायकोला फोन लावला आणि रिंग वाजताना एकदम लक्षात आलं, वास गेला तर पुढच्या वेळी काय विचारणार?

म्हणून सांगितलं, अजून येतोय. याला खोटं म्हणता येणार नाही. पुढे कधीतरी येऊ शकतो.

तिच्यामागे बरीच गडबड ऐकू येत होती, स्पीकरवर कोणाचं तरी नाव पुकारत होते. म्हणाली, "मी हॉस्पिटलमध्ये आहे. आईला ॲडमिट केलंय." कमाल आहे! मी नुसतं 'बरं नाही' म्हटलं होतं, हिने हॉस्पिटलपर्यंत नेलं. मी म्हणालो, "अगं, इतक्या डिटेलची गरज नाही."

"काय?"

मी विषय पुढे नेला. टॉवेल चाळीस डिग्रीवर लावू की साठवर?

तिकडे पुन्हा कोणाचं तरी नाव पुकारलं. मग अगदी हळू म्हणाली, "साठवर."

तिचा आवाज मवाळ झालाय. माझा अंदाज, आठवडाभरात परत.

१८ ऑगस्ट
मेहुण्याचा मेसेज. उघडला नाही. मध्यस्थी करायला निघाला असणार. आपण लगेच उत्तर दिलं की माणूस गरजू वाटतो. आधी तिने म्हणायला हवं.

उशांचे अभ्रे धुतले. तिच्या उशीचाही. वास नाही.

२० ऑगस्ट
आज निकाल लागला. सकाळी फोन केला, पांढऱ्या कपड्यांबद्दल. तिने उचलला. मग हुंदका ऐकू आला. रडत होती. माझी बायको फोनवर माझ्यासाठी रडत होती!

मी म्हणालो, "रडू नकोस. मी आहे ना."

ती म्हणाली, "तुला कळलं ना?"

मी म्हणालो, "मला सगळं कळतं. तू ये. वासाचं आपण दोघं मिळून बघू."

ती आणखीच रडायला लागली. मग कोणीतरी तिच्या हातून फोन घेतला आणि बंद केला. घरच्यांसमोर लाजली असेल.

दुपारी रजा टाकली. कपाटातली तिची बाजू रिकामी केली, मी माझे स्वेटर तिथे पसरले होते. पडदे धुतले. दूध जास्त आणलं.

२१ ऑगस्ट
दारावर काकू. डोळे लाल. म्हणाल्या, "अरे, तू अजून इथेच? मला वाटलं तू कालच गेला असशील."

मी विचारलं, कुठे?

त्या म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई काल पहाटे गेल्या ना रे."

मेहुण्याचा मेसेज उघडला. 'भावोजी, आई आयसीयूत आहे. ताई एकटी पडलीय. जमलं तर या.'

काल पहाटे. मी फोन केला तो साडेआठला.

जिन्यात बसलो होतो. किती वेळ ते माहीत नाही. काकूंनी पाणी आणून दिलं.

२२ ऑगस्ट
बायकोच्या माहेरी पोहोचलो. सगळं उरकलं होतं. मेहुण्याने दार उघडलं, बाजूला झाला. ती भिंतीला टेकून बसली होती. गाडीत काही वाक्यं तयार केली होती. मी म्हणालो, "मला वाटलं..." ती म्हणाली, "माहितीये." आणि मान वळवली.

२३ ऑगस्ट, सकाळ
सगळे झोपलेत. मला झोप नाही. सासूबाईंच्या खोलीत खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे. चादरी, गाऊन, त्यांची करड्या रंगाची शाल. औषधांचा, आजारपणाचा वास. या धांदलीत कोणाला सुचणार? बोलायला मला जमत नाही, हे खरं. पण एवढं मला येतं. उगाच नाही शिकलो. ती उठायच्या आत धुऊन टाकतो. शाल वेगळी, हाताने, कोमट पाण्यात.

२३ ऑगस्ट, दुपार
कडक ऊन होतं. सगळं खडखडीत वाळलं. घड्या घातल्या, खोलीत ठेवायला गेलो तर ती रिकाम्या खुर्चीसमोर उभी.

"शाल कुठाय?"

मी तिच्या हातात दिली. म्हणालो, "बघ, जरासुद्धा वास नाही."

तिने शाल तोंडाशी धरली. मग उलटी केली. मग पदर शोधावा तसा तिचा एक-एक काठ नाकाशी नेला. चारही कोपरे हुंगून झाले, तेव्हा म्हणाली, "आईचा वास होता हिला. मी मुद्दाम तशीच ठेवली होती."

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस." शालीची पुन्हा घडी केली, माझ्यापेक्षा नीट, आणि माझ्या हातात ठेवली. "तूच घेऊन जा."

२३ ऑगस्ट, रात्री
गाडीत आहे. शाल मांडीवर. दोन-तीनदा हुंगून पाहिली. पावडरचासुद्धा वास राहिलेला नाही.