कोपरीची एक जागा

कोपरी, ठाणे (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझ्याहून वर्षभरानेच मोठी असून आशीर्वाद लिहिताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. पण शाळेत जायच्या आधीच शकूआत्याने आपल्या दोघींना याच खोलीत अक्षरं शिकवली, आणि मोठीने धाकटीला काय लिहायचं तेही तेव्हाच ठरवून टाकलं. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरातला फोन म्हणजे स्पीकरवर ठेवलेला फोन. आत्या ऐकते, बाबा ऐकतात, दारावरून जाणारे दगडूकाका ऐकतात आणि तुझ्या प्रश्नांना माझ्या आधी तेच उत्तरं देतात. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. तूही तसंच कर.

तुझ्या युरोपातल्या ल्युब्लियानाच्या बातम्या चाळीत सगळ्यांना पाठ आहेत. सहा देशांतली पोरं मिळून तरुणांच्या प्रश्नांसाठी वेबसाइट बनवतायत, मोठ्यांनी त्यात फक्त मदतीपुरतं राहायचं आणि आपली संघमित्रा तिथे मदतीला आहे, हे आत्या पाण्याच्या नळावरसुद्धा सांगते. परवा तिने नवीनच सांगितलं. म्हणे मीटिंगमध्ये कोणी कोणाला बोलू देत नव्हतं, तेव्हा तू त्यांना आत्याचा नियम सांगितलास की वयाने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं आणि मोठ्याने शेवटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

मित्रा, तो नियम आत्याचा आहे हे तू त्यांना सांगितलंस, हे चांगलं केलंस. आत्याचे गुडघे गेल्यापासून विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या गटात तो नियम मी चालवते, हे सांगायचं राहिलं असेल. रागावलेली नाही, फक्त कळवते आहे. इथे टाळ्या वाजत नाहीत. मुलं येतात, बोलतात, चपला शोधतात आणि जातात.

तुमची वेबसाइट आमच्या मुलांनी तपासून द्यावी असं तू म्हणालीस. देऊ.

टिटवाळ्याला तुझे आई-बाबा बरे आहेत. नव्या इमारतीच्या लिफ्टची काकूला अजून भीती वाटते.

तुझा लोभ तिकडच्या थंडीत गोठू नये एवढीच इच्छा.
तुझी,
प्रियांका

ल्युब्लियाना
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं 'फक्त कळवते आहे' मी लहानपणापासून ओळखते. त्यानंतर तू दोन दिवस माझ्याशी बोलायची नाहीस आणि तिसऱ्या दिवशी माझी वेणी घालून द्यायचीस. तर वेणीचा दिवस आला असं समजून लिहिते.

टाळ्या वाजल्या हे खरं, पण कशासाठी ते आत्याने सांगितलं नसणार. सगळ्यात लहान मुलगा बोलायला उठला आणि त्याने मला सांगितलं की तुम्ही आता बाहेर बसा, तुम्ही आमच्यात मोठ्या आहात. टाळ्या त्याला मिळाल्या. मी कॉरिडॉरमध्ये बसून केळं खाल्लं.

तुझं नाव मी घेतलं नव्हतं. ते माझं चुकलं. आता घेतलं आहे. या मुलांची पुढारी नेझा म्हणून एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे, ती आता तुला 'कोपरीची प्रियांका' म्हणते. साइट पाहून खरं काय ते कळवा. इथे सगळे एकमेकांना छान छान म्हणतात, त्याचा कंटाळा आला आहे.

आत्याला गुडघ्याचं तेल लावतेस ना?
माया आहे तितकी असू दे, वाढली तर माझी हरकत नाही.
तुझी धाकटी,
मित्रा

कोपरी
१६ मार्च २०२५

चि. मित्रास,
अ. आ. व जयभीम. वि. वि.

साइट तपासली. तीन रविवार गेले. स्पेलिंगच्या आणि न उघडणाऱ्या पानांच्या चुका वेगळ्या लिहून पाठवल्या आहेत. पत्रात फक्त मुख्य गोष्ट लिहिते.

तुमच्या साइटवर आत शिरताना विचारतात की तुमचा प्रश्न कशाचा आहे, आणि खाली चौकोन देतात. घर, नोकरी, हवामान, मनाचं आरोग्य, भेदभाव. राजरत्नने नोकरीवर टिक केलं आणि मोकळा झाला. माझा भाऊ आहे, त्याच्याकडून अधिक अपेक्षा नव्हती. पण कोलशेतहून येणारी जागृती अडून बसली. ती अठरा वर्षांची आहे, कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर आमच्याकडे यायला लागली. आजोबांपर्यंत त्यांच्याकडे शेती आणि मिठागरावरचं काम होतं. आता त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि दारात दोन गाड्या. ती म्हणाली, "घर आहे, पैसा आहे, माणसं चांगली आहेत. पण कॉलेजच्या गेटपलीकडे मला एकटीला जाता येत नाही. मी कुठे टिक करू?"

  मला वाटलं, हे मला इतक्या वर्षांत का सुचलं नाही.

तुमच्या कार्यालयाला इंग्रजीत अहवाल लिहिताना मी आधी 'आमच्या गटाला असं वाटलं' असं लिहिलं होतं. ते वाचायला बरं वाटत होतं. मग खोडून 'जागृतीने विचारलं' असं लिहिलं. खोडायला जेवढा वेळ लागायला हवा त्यापेक्षा जास्त लागला.

कल्याणच्या क्लासमध्ये दहावीनंतरच्या प्रवेशाची तयारी सुरू झाली आहे. काउंटरवर दिवसभर पालकांना तेच तेच सांगून घसा बसला.

पत्राची वाट पाहते, हे वेगळं लिहायला नको.
प्रियांका

ल्युब्लियाना
६ एप्रिल २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चौकोन गेले. सगळे काढून टाकले. नेझाने जागृतीचा प्रश्न मोठ्याने वाचला आणि पोर्तुगालचा एक मुलगा म्हणाला की माझं तर अगदी हेच आहे, फक्त गेट नाही, माझ्या आईचा व्यवसाय आहे, तो मी सोडून जाऊ शकत नाही. मग दोन तास कोणी उठलं नाही. आता साइट उघडली की नुसती कोरी जागा येते आणि जे असेल ते लिहायचं.

आणि बातमी. जूनच्या शेवटच्या बैठकीला कोपरीतून एकाला बोलवायचं ठरलं आहे. तिकीट, राहणं, सगळं इथून. अधिकृत मेल आठवड्याभरात येईल. आत्याला आजच फोन करते, मला राहवणार नाही.

घाईत आहे, पण प्रेम सावकाश पाठवते आहे.
मित्रा

कोपरी
२० एप्रिल २०२५

चि. मित्रास,
जयभीम.

वि. वि. लिहायच्या मनःस्थितीत नाही.

तू आत्याला सांगितलंस की कोपरीतून कोणीतरी येणार. आत्याने ऐकलं की प्रियांका जाणार. आपल्याकडे लग्न होईपर्यंत मुलगी ही मुलगीच असते, मग ती सत्तावीस वर्षांची का असेना, त्यामुळे तरुण म्हटल्यावर दुसरं कोणाचं नाव कोणाच्या मनात आलंच नाही. खरं सांगायचं तर माझ्याही. दगडूकाकांनी चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. माझा आधार कार्डावरचा फोटो दाराएवढा केला, मागे विमान आणि खाली 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर मला शाल दिली. मी माइकवर आभार मानले. क्लासमध्ये सुट्टी मागून ठेवली. पासपोर्ट कपाटातून काढून उशीखाली ठेवला होता, हेही लिहून टाकते.

पंधरा तारखेला मेल आला. वय सोळा ते बावीस. गटातल्या तरुणांनी आपापसात निवड करायची आणि गट चालवणाऱ्या मोठ्या व्यक्तीने त्या वेळी खोलीबाहेर थांबायचं.

मोठी व्यक्ती म्हणजे मी.

फ्लेक्स उतरवायला राजरत्न शिडीवर चढला तर खाली गर्दी जमली आणि ज्याने त्याने विचारलं. आत्याने सगळ्यांना सांगितलं की व्हिसाची अडचण आहे. मी आत जाऊन सांगितलं की असं खोटं सांगू नकोस. ती म्हणाली, तुझ्यासाठीच सांगतेय. मग आम्ही दोघी जेवलो नाही.

तुला वय माहीत होतं. तू तिथे रोज असतेस. मला एक ओळ लिहिता आली असती. तुला परदेश मिळाला, आत्याचं कौतुक मिळालं, आमच्या रविवारचा नियमसुद्धा तिकडे गेला आणि तुझा झाला. मला एक शाल मिळाली.

हे पत्र पाठवू नये असं वाटतं आहे, म्हणजे पाठवायलाच हवं.
प्रियांका

ल्युब्लियाना
२५ एप्रिल २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मला वयाची अट माहीत होती. ती तुला लागू आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तू अजून माझ्याबरोबर पाटी पुसणारी आहेस. हे कारण आहे, सबब नाही. माफ कर असं लिहिते, पण लगेच माफ करू नकोस, ते मला खरं वाटणार नाही.

कौतुकाचं म्हणशील तर आत्या मला फोनवर रविवारचंच सांगते. प्रियाने हे केलं, प्रियाने ते केलं. मी इथल्या खोलीत ऐकते आणि माझाही जळफळाट होतो. आपण दोघी तिच्या हातून सारख्याच बिघडलो आहोत.

एक गोष्ट सांगायला हवी, न सांगणं लबाडी होईल. नेझाला विचारलं. ती म्हणाली, निवडलेल्या मुलाला घरून परवानगी मिळाली नाही तर कोपरीची जागा वाया घालवायची नाही, गट चालवणारीने यावं. तेव्हा दार पूर्ण बंद नाही.

तू काय ठरवशील ते मला मान्य आहे. आणि तू आलीस तर मी विमानतळावर नाचेन.

रागासकट तुझीच,
मित्रा

कोपरी
१८ मे २०२५

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

गेल्या रविवारी निवड झाली. मी बाहेर पायरीवर बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा सगळे हसले तेव्हा मला वाटलं माझ्यावरच हसले. मग दार उघडून राजरत्नने सांगितलं, जागृती. मी आत जाऊन तिचं अभिनंदन केलं. माझं तोंड कसं दिसत होतं ते तिने पाहिलं असणार, कारण ती नुसती थँक्यू म्हणाली आणि खुर्च्या उचलायला लागली.

काल तिचे आई-वडील आपल्या घरी आले. वडील धनेश, हातात गाडीची किल्ली धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अगदी कडेला बसलेले. आई भावना, चहा घेईना. आत्या आतल्या खोलीत गेली आणि पडद्यामागे उभी राहिली, मला तिचे पाय दिसत होते.

धनेशभाऊंचं म्हणणं असं की मुलीला काय कमी आहे, परदेशात जाऊन घरचं रडगाणं गायची काय गरज. भावनाताई अधिक स्पष्ट बोलल्या. मुलगी दोन दिवस जेवली नाही, बापाला थेट नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. मी शिकवणारी, माझा शब्द मुलगी मानते. "तुमी फक्त नको बोला, मॅडम. विषय संपला."

मित्रा, ती एवढी सोपी गोष्ट मागत होती. लहान आहे, इंग्रजी कच्चं आहे, पुढच्या वेळी बघू, यांतलं काहीही चाललं असतं. कोणी मला दोष दिला नसता. ते दोघं माझे उपकार मानून गेले असते आणि तुझ्या पत्रातली जागा माझ्याकडे आपोआप चालत आली असती. मी मनातल्या मनात ते वाक्य जुळवलंसुद्धा. इंग्रजी खरंच कच्चं आहे तिचं. म्हणजे खोटंही ठरलं नसतं.

 तेवढ्यात धनेशभाऊंनी विचारलं, तिकडे ती आमच्या घराबद्दल बोलणार का. मी सांगितलं, बोलेल. खोटं बोलणार नाही आणि वाईटही बोलणार नाही, तुमची माणसं चांगली आहेत हे ती आधी सांगते, आमच्या हॉलमध्येही तिने तेच आधी सांगितलं होतं.  मग भावनाताईंनी विचारलं, तिथे जी तुमची बहीण आहे ती कशी आहे, तिच्या भरवशावर पोर सोडायची तर.

आता तुझ्याविषयी सांगायचं होतं. महिनाभर मी तुझ्याविषयी मनात जे जे बोलत होते त्यातलं काही तिथे उपयोगाचं नव्हतं. मी म्हणाले, "तिच्या भरवशावर मी स्वतः जाणार होते. पाठवा."

चांगल्या आवाजात म्हणाले नाही. कोणी मुलीला पाठवा म्हणतं तसं नाही, उसनं मागितलेलं भांडं घेऊन जा म्हणतात तसं. पण म्हणाले. धनेशभाऊंनी किल्ली खिशात टाकली आणि विचारलं, जूनमध्ये तिकडे स्वेटर लागतो का. तेव्हा भावनाताईंनी चहा घेतला.

ते गेल्यावर आत्या बाहेर आली आणि माझ्यासमोर पाय पसरून बसली. मी तेल लावलं.

हेवा गेला असं समजू नकोस. आधी एकीचा होता, आता दोघींचा आहे. पासपोर्टला पंधरा दिवस लागतील. तिचा अर्ज आज मीच भरून दिला. तिला विमानात खिडकीची जागा द्या असं तिकीट काढणाऱ्यांना सांग. मीटिंगमध्ये ती घाबरली की कानातलं फिरवते, तेव्हा तिला लगेच बोलायला सांगू नका, थांबा. भाताशिवाय ती राहू शकत नाही, पण मागणार नाही.

ती तुला ताई म्हणेल. म्हणू दे. परत आली की पुढचे सहा रविवार हॉलमध्ये तुझ्याविषयी बोलेल, ते मी ऐकेन, तोंड शक्य तितकं नीट ठेवून. पण तिकडेच शिकायला राहा असं तू तिला आपणहून सुचवू नकोस. तिने विचारलं तर खरं ते सांग. विचारलं नाही तर परत पाठव. तुझ्याकडे पुष्कळ आहेत, मित्रा. ही माझी आहे.

पत्राचं उत्तर सवडीने दे, मुलीची काळजी मात्र लगेच सुरू कर.
तुझी,
प्रियाताई