शेगडी, थंडोबा आणि पंचवीस अँपिअरचा फ्यूज

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
मा. तांत्रिक प्रमुख,
इमारत व वीज विभाग,
कोर्पिनेवा नगरपालिका.

विषय : हिएतालंपी येथील ग्रामसभागृहाचा मुख्य फ्यूज पंचवीस अँपिअरवरून पस्तीस अँपिअरचा करून मिळणेबाबत (चौथा अर्ज).

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे अभिनंदनाचे पत्र, दि. ३ मार्च.

महोदया,

मी, इल्पो रांतानेवा, हिएतालंपी ग्रामसंघाचा अध्यक्ष, उपरोक्त विषयी हा अर्ज सादर करीत आहे. अध्यक्ष होण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. सभेत कुणीच नाव सुचवेना, तेवढ्यात मी खिडकी लावायला उठलो, आणि उभा असलेला मी एकटाच होतो. तेव्हापासून गावाची सगळी गाऱ्हाणी माझ्याच सहीने आपल्याकडे येतात, त्यामुळे आपण मला ओळखत असालच.

सदर पत्रात आपण आमच्या सभागृहाचा वीजवापर घटल्याबद्दल गावाचे अभिनंदन केले आहे आणि 'गेल्या सात आठवड्यांत एकही फ्यूज उडालेला नसल्याने तो वाढवण्याची गरज सिद्ध होत नाही' असे कळवले आहे. आम्हाला अभिनंदन नको आहे, फ्यूज हवा आहे. तो का हवा हे मागच्या तीन अर्जांत मला धड सांगता आले नाही, कारण ते आपल्या छापील नमुन्यातल्या 'विद्युत भार' या रकान्यात मावत नव्हते. या वेळी सगळे सांगतो. लांबण लागली तर क्षमा असावी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शिकारमंडळाने मूस या मोठ्या हरणाच्या रश्श्याची जेवणावळ घातली आणि जमलेला पैसा ग्रामसंघाला दिला. गावातली तरुण मुले शिक्षणासाठी नाहीतर कामासाठी ओउलू शहरात जातात आणि मग घरी फिरकत नाहीत, तेव्हा त्यांना शनिवारी परत यावेसे वाटेल असे काहीतरी घ्या, एवढीच अट होती. मुलांनी एकमुखाने सांगितले, खेळायला संगणक घ्या. एकमुखाने झालेले ते शेवटचे काम. पुढे संगणकात प्रोसेसर कोणता घालायचा यावरून दोन तट पडले. कंपन्यांची नावे अर्जात आल्यास आपले कार्यालय त्याला जाहिरात समजते, असे मागे कळवण्यात आले आहे, म्हणून मुलांनी ठेवलेली नावेच वापरतो. एकाला मुले शेगडी म्हणतात आणि दुसऱ्याला थंडोबा.

शेगडीच्या बाजूने यालमारी होता. हा लाकडे वाहणारा ट्रक चालवतो, वय चोवीस. थंडोबाच्या बाजूने माझी मुलगी साइमी होती, जी ओउलूला शिकते. सभेतील त्यांचे बोलणे इतिवृत्तात घेतलेले नाही, ते असे. यालमारी म्हणाला, "शेगडी सेकंदाला जास्त चित्रं काढते. खेळायला घेतोय का झोपायला?" साइमी म्हणाली, "आणि वीज दीडपट खाते, त्याचं काय? बिल तुझा बाप भरणार आहे का?" यालमारीचे वडील सभेला हजर होते.

मग मी शेगडीचा ठराव मांडला आणि कुणाची हरकत आहे का, असे विचारले. सगळे गप्प. ठराव मंजूर झाला. नियमाप्रमाणे थंडोबाचाही ठराव मांडावा लागला. कुणाची हरकत? पुन्हा सगळे गप्प, म्हणजे तोही मंजूर. आपणही इथल्याच असल्याने याहून जास्त सांगण्याची गरज नाही. अशा रीतीने आठ संगणकांपैकी चारांत शेगडी बसली आणि चारांत थंडोबा.

आपल्या पहिल्या पत्रात 'दोन्हींपैकी योग्य प्रोसेसर कोणता, याची तुलना सादर करावी' असा आदेश होता. ती मी प्रामाणिकपणे केली आहे. निव्वळ वेग पाहता शेगडी थोडी पुढे आहे. पण गर्दीची लढाई सुरू झाली की ती मध्येच अडखळते, आणि थंडोबा मात्र एका चालीने चालत राहतो. किमतीत शेगडी स्वस्त, कारण ती सवलतीत मिळाली. पण तिला गार ठेवायला जे पंखे आणि धातूचे ठोकळे घ्यावे लागले, ते धरले तर तिने थंडोबाला गाठलेच. विजेच्या बाबतीत तुलनाच नको. शेगडीशेजारी बसणारा तासाभराने खिडकी उघडतो, खिडकी उघडली की भिंतीवरचे हीटर जोरात चालू होतात, आणि त्या हीटरची वीज कोणाच्या नावावर मांडायची हे मला अजून उमगलेले नाही. त्यात फेब्रुवारीत प्रत्येकाला खेळायला थंडोबा हवा असतो आणि पाय शेकायला शेगडी. दोन खुर्च्यांच्या मधोमध बसून खेळण्याचाही प्रयत्न झाला. सबब कोणता चांगला, हे मला ठरवता आलेले नाही. मला ठरवता येत असते तर मी अध्यक्ष झालो नसतो.

आता मूळ अडचण. याच इमारतीत मागच्या बाजूला सौना, म्हणजे वाफ घेण्याची खोली, आहे आणि तिची भट्टी विजेची आहे. पूर्वी ती लाकडाची होती. आपल्या विभागाने धुराडे बुजवले. शनिवारी संध्याकाळी भट्टी तापते आणि त्याच वेळी मुले संगणक लावतात. सभागृहातले सगळे सॉकेट एकाच तारेवर आहेत, कारण इमारत बांधली तेव्हा तिथे फक्त नाच होत असत. आठ संगणक आणि भट्टी कशीबशी निभावतात. त्यात कुणी कॉफी ठेवली की ठप्प आवाज होऊन डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख होतो.

सौना आधी उरकून मग खेळावे, अशी आपली सूचना होती. ओउलूची बस पाच वाजता येते आणि सौनाला येणारी व्यक्ती औषध घेऊन आठला झोपते. दोन्ही गोष्टी त्या तीन तासांतच व्हायला हव्यात. शेगडीवाल्यांनी वेग कमी ठेवावा, हेही करून पाहिले. यालमारी एक शनिवार कबूल झाला, हरला, आणि आता त्या विषयावर माझ्याशी बोलत नाही. तारा बदलायच्या तर इमारत नगरपालिकेची, आम्हाला हात लावण्याची मुभा नाही. कोणता प्रोसेसर ठेवणार ते कळवा, मग फ्यूजचे पाहू, असे आपण म्हणता. फ्यूज किती मिळणार ते कळू दे, मग प्रोसेसरचे पाहू, असे ग्रामसभा म्हणते. दुसऱ्या अर्जासोबत मी जळालेले फ्यूज पुरावा म्हणून कॉफीच्या डब्यात घालून पाठवले, ते 'कागद नसल्यामुळे' परत आले. डबा आला नाही.

सौनाला येणारी व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई, लेम्पी, वय शहाऐंशी. त्या नगरपालिकेच्या बैठ्या घरात एकट्या राहतात. तिथे नळाखाली अंघोळ होते, पण तिला अंघोळ म्हणायला त्या तयार नाहीत. दर शनिवारी मी त्यांना गाडीने आणतो. वाफ घेऊन झाली की त्या जाडजूड झगा घालून, भट्टीच्या दगडांवर भाजलेले सॉसेज हातात घेऊन सभागृहात येतात, नातीच्या खुर्चीशेजारी बसतात आणि पडद्याकडे बघत सॉसेज खातात. "तो निळा मघापासून नुसता उंडारतोय. घाल त्याला गोळी." साइमी म्हणते, "आजी, तो आपल्यातलाच आहे." "मग सांग की त्याला, काहीतरी काम कर म्हणून." तो निळा म्हणजे यालमारी असतो आणि तो समोरच बसलेला असतो.

यापलीकडे त्या दोघी फारसे बोलत नाहीत. माझी पत्नी किर्सी चार वर्षांपूर्वी गेली. ती लेम्पींची मुलगी आणि साइमीची आई. ती गेल्यापासून या दोघी एका छपराखाली येतात त्या फक्त शनिवारी. मी कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघतो. कॉफी ठेवणारा इसम मीच आहे, हेही इथे नमूद करतो.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी फ्यूज उडाला तेव्हा लेम्पी सौनाच्या वरच्या बाकावर होत्या. अंधारात उतरताना त्यांचा पाय घसरला. लागले नाही, पण साइमी मोबाइलचा उजेड घेऊन आत धावली तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या होत्या आणि हसत होत्या. त्या संध्याकाळी बसथांब्यावर साइमी मला म्हणाली, "बाबा, मी आता शनिवारी येत नाही. आम्ही आपापल्या खोलीतूनच खेळू, तिकडे वीज पुरते. आजीला तिची वाफ नीट मिळू दे. आणि हे तिला सांगायचं नाही हां. परीक्षा आहे म्हण." तिला बसमध्ये बसवून मी लेम्पींना घरी सोडायला गेलो. गाडीतून उतरताना त्या म्हणाल्या, "इल्पो, पुढच्या शनिवारी मला न्यायला येऊ नकोस. माझ्या एकटीच्या भट्टीपायी पोरांचे दिवे जातात. साइमीला सांग, आजीच्या छातीला आता वाफ सोसत नाही. खरं बोललास तर बघ."

मी दोघींनाही 'बरं' म्हणालो. या शब्दाला आमच्याकडे किती वजन असते, ते आपण जाणता. त्या क्षणी काही वेगळे बोलायला हवे होते हे मलाही कळते. पण काय बोलायचे असते ते मला अजूनही सुचलेले नाही.

साइमी येईना म्हणून बाकीची मुलेही येईनाशी झाली. यालमारी दोन शनिवार एकटाच येऊन शेगडीवर खेळला. मग म्हणाला, "हरवायला कुणी नाही, तर वेगाचं काय लोणचं घालू?" त्यानंतर तोही आला नाही. मी मात्र जातो, कारण किल्ली माझ्याकडे आहे. दिवा लावतो, कॉफी ठेवतो. फ्यूज ठणठणीत असतो. परीक्षेचे आणि छातीचे कारण सांगायची वेळच आली नाही, कारण दोघीही येत नसल्याने दुसरी आली नाही हे एकीलाही कळले नाही. रविवारी साइमीचा फोन येतो, "आजीची वाफ झाली ना?" मी म्हणतो, झाली. सोमवारी लेम्पींचा फोन येतो, "पोरं खेळली ना?" मी म्हणतो, खेळली. दोघींनाही बरे वाटते. माझा मात्र जीव टांगणीला लागलेला असतो, आणि मला हे आता झेपत नाही.

आपण ज्याबद्दल अभिनंदन केले आहे ती वीजबचत ही अशी झालेली आहे. तुलनेपुरते म्हणायचे तर सगळ्यात कमी वीज खाणारा प्रोसेसर म्हणजे बंद प्रोसेसर, आणि तसे आठ आमच्याकडे आता आहेत.

तरी विनंती की मुख्य फ्यूज पस्तीस अँपिअरचा करून मिळावा. ते शक्य नसल्यास शेगडी ठेवावी की थंडोबा, हे आपणच ठरवून लेखी कळवावे. गावात कुणी हरकत घेणार नाही, याची खात्री मी देतो. तेही आपल्या अखत्यारीत नसेल तर हा अर्ज खुशाल फेटाळावा. मी पाचवा करणार नाही.

परंतु एक गोष्ट कृपा करून करावी. नगरपालिकेकडे आलेला अर्ज हा सर्वांना पाहण्यासाठी खुला कागद असतो आणि अर्जदाराने मागितल्यास तो ग्रंथालयाच्या फलकावर व नगरपालिकेच्या संकेतस्थळावर लावता येतो, असे मला आपल्या लिपिकबाईंनी सांगितले. लेम्पी दर मंगळवारी ग्रंथालयात जातात आणि त्या फलकावरचा शब्दन् शब्द वाचतात, कारण कुणाची झाडे तोडली जाणार हे त्यांना इतरांच्या आधी कळायला हवे असते. साइमी उन्हाळ्यातल्या नोकरीसाठी रोज आपले संकेतस्थळ उघडते. तेव्हा निकाल काहीही लागो, हा अर्ज दोन्हीकडे, एकही ओळ न वगळता, लावण्यात यावा. दिलेला शब्द मी मोडलेला नाही. त्या दोघींना मी काहीही सांगितलेले नाही. मी फक्त नगरपालिकेला अर्ज केला आहे.

उत्तरापेक्षा येत्या शनिवारची जास्त वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
इल्पो रांतानेवा
अध्यक्ष, ग्रामसंघ, हिएतालंपी