आईचा गुरुवार

परळ,
रविवार

प्रिय प्राची,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, त्याबद्दल आधी तुझे आभार. फोन मुद्दाम केला नाही. तू मध्येच ठेवला असतास, आणि तो तुझा हक्कच होता, पण मग माझं बोलणं अर्धंच तुझ्यापर्यंत पोचलं असतं. अर्ध्या बोलण्याने आपल्या घराचं किती नुकसान झालं ते पुढे लिहितेच.

बातमी अशी की आम्ही तिघं देश सोडून चाललो आहोत. आफ्रिकेत मलावी नावाचा एक छोटा देश आहे. तिथे एका मोठ्या तळ्याच्या काठी मिशनचा चाळीस खाटांचा दवाखाना आहे, आणि आपल्या चर्चच्या मंडळीने आम्हाला पाच वर्षांसाठी तिथे पाठवायचं ठरवलंय. मी प्रसूतीचा वॉर्ड बघणार. तुझा दीपकदादा दवाखान्यातली यंत्रं सांभाळणार आणि रविवारी आसपासच्या वस्त्यांवर उपासना घेणार. पुढच्या रविवारी मंडळीत निरोपाची उपासना आहे, आणि त्यानंतरच्या बुधवारी विमान. लग्नानंतर तुझ्या दादाने पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतं की कधीतरी असं जायचं आहे. वीस वर्षं ते 'कधीतरी'च राहिलं, म्हणून मीही हो हो म्हणत राहिले. आता खरंच पासपोर्टवर शिक्के बसलेत.

घरात पाय ठेवायला जागा नाही. माणशी दोन बॅगा, तेवीस तेवीस किलोच्या. दीपकने दादरहून वजनाचा हुक आणलाय आणि दिवसातून चार वेळा तो बॅगा टांगून बघतो. प्रेशर कुकर आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. आमची श्रेया आता सोळा वर्षांची आहे. सुरुवातीला ती अजिबात तयार नव्हती, दोन महिने आमच्याशी मोजकंच बोलत होती. मग तिथल्या भाषेचे तास सुरू झाले आणि ती हळूहळू रमली. तिथे 'कशा आहात?' असं विचारायचं तर 'मुली ब्वांजी' म्हणतात. श्रेयाला वाटलं, शिकवणाऱ्या बाई मुलींचं काहीतरी विचारताहेत. तिने हात जोडून मराठीत सांगून टाकलं, मुली ठीक आहेत. त्या तळ्यात बोटाएवढी मासळी मिळते आणि ती वाळवून बाजारात तिचे वाटे लावतात. बाजाराचा फोटो बघताना मला तुझ्या सासूबाई आठवल्या, शीवच्या बाजारात सुकटीचे वाटे घेऊन बसणाऱ्या. त्या बऱ्या आहेत ना? सुशांतची पाठ कशी आहे?

बघ, मी अजून बातम्याच देते आहे. मुद्द्यावर यायला माझा हात धजत नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा नाताळ तुला आठवत असेल. सगळ्या मुली घरी गेल्या होत्या आणि मी हॉस्टेलवर एकटी होते, कारण नगरला माझं घर म्हणजे एक काका आणि त्यांची दोन कुलपं. आई मी सहा वर्षांची असतानाच गेली होती. तू मला हाताला धरून नायगावला बीडीडी चाळीत घेऊन गेलीस. तुझी आई करंज्या तळत होती. तिने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पिठाचा गोळा हातात दिला आणि म्हणाली, पारी जाड नको. त्या दिवसापासून दर रविवारी मी तुमच्याकडे. पुढे दीपकशी माझं ठरलं तेव्हा तू सगळ्या चाळीला सांगत फिरलीस की दादाला बायको मिळाली यापेक्षा मृणालला आई मिळाली हे मोठं आहे. चेष्टेत म्हणालीस, पण ते खरं होतं. तू तुझी आई माझ्याबरोबर वाटून घेतलीस. असं कोण कुणासाठी करतं?

मग तुझं लग्न. सुशांतसारख्या माणसात काय कमी होतं हे मला आजही सांगता येणार नाही. तो मंडळीतला नव्हता, एवढंच. बाबा नव्हते, त्यामुळे दीपक घरातला कर्ता पुरुष झाला होता, आणि पूर्वीचा दीपक असता तर कदाचित हट्टाने तुझ्या बाजूने उभा राहिला असता, पण तेव्हा तो नुकताच मंडळीच्या पंचात गेला होता. तो रजिस्टर ऑफिसला आला नाही. आईंनाही येऊ दिलं नाही. श्रेया दोन वर्षांची होती, तिला ताप आहे असं सांगून मीही आले नाही. ताप नव्हता. तुझ्या दादाने त्यानंतर तुझं नाव काढायचं बंद केलं, आणि घरातल्या माणसाचं नाव काढायचं नसेल तर किती शब्द टाळावे लागतात हे मला तेव्हापासून कळलं.

आईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा नायगावची चाळ रिकामी करून आम्ही या परळच्या भाड्याच्या घरात आलो होतो. मी नोकरी सोडली. तुला निरोप मीच पाठवला, आणि तू यायला लागलीस, दर गुरुवारी, कारण गुरुवारी दीपक ठाण्याच्या दवाखान्यात यंत्रांच्या कामाला जायचा तो संध्याकाळीच परतायचा. श्रेया शाळेत. तू तिसऱ्यांच्या कालवणाचा डबा आणायचीस, आईंचे केस विंचरायचीस, दोघी जणी कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी काढून हसायचात. मी स्वयंपाकघरात असायचे. मला तुम्ही बोलवायचात, नाही असं नाही. पण मी भांडी घासत बसायचे.

दीड वर्ष मी त्यांचं सगळं केलं, प्राची. अंघोळ, कूस बदलणं, पाठीला पावडर, जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी उठणं. याचे उपकार नाहीत, ते माझं शिक्षण होतं आणि माझं प्रेमही. पण शेवटच्या तीन-चार महिन्यांत त्यांना माणसं नीट ओळखू येईनात, आणि त्या मला तुझ्या नावाने हाक मारायला लागल्या. मी भरवलं की म्हणायच्या, प्राची, पुरे गं. मी केस विंचरले की म्हणायच्या, प्राचीचा हात हलका आहे. पहिल्यांदा मी हसले. मग हसू येईना.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. जाण्याआधीचं प्रशिक्षण पुण्याला होतं. तीस वर्षं बाहेरदेशी काम करून परतलेल्या एक डॉक्टरबाई ते घेत होत्या. एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, निघण्याआधी मागे कुणाशी काही तुटलेलं राहतंय का? मग दीपक बोलला. तो म्हणाला, "माझी एक बहीण आहे. मी तिच्याशी वाईट वागलो. पण आई गेली त्या दिवशी मी तिला बोलावणं पाठवलं होतं, आणि ती आईच्या मातीलाही आली नाही. ते मला फार लागलं. आज मी तिला क्षमा केली आहे." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईंनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याच्या शेजारीच बसले होते.

तू हे वाक्य पुन्हा वाचत असशील. वाच. तो जे म्हणाला ते त्याला खरं वाटत होतं.

आई तीन वर्षांपूर्वी त्या शनिवारी सकाळी सहाला गेल्या. सात वाजता पाळकांना फोन लावता लावता दीपक माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "प्राचीला कळव. म्हणावं, दादा गाडी पाठवतोय." अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझं नाव घेतलं ते त्या सकाळी. मी फोन घेऊन जिन्यात गेले. तुझा नंबर काढला. आणि तो लावला नाही. मला वाटलं, तू येशील, पेटीच्या उशाशी बसशील, आणि सगळे तुला म्हणतील, लेक आली. आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात. एकच दिवस मला त्यांची मुलगी व्हायचं होतं. आत येऊन मी दीपकला सांगितलं, कळवलंय. चारला शिवडीला माती दिली तोवर तो दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होता.

त्यानंतरच्या गुरुवारी तू डबा घेऊन आलीस आणि खाट रिकामी होती. तू काही विचारायच्या आतच मी म्हणाले, दीपकने कळवू दिलं नाही. तू डबा ओट्यावर ठेवलास आणि निघून गेलीस. त्याला वाटत होतं की बोलावूनही तू आली नाहीस, तुला वाटत होतं की त्याने बोलावूच दिलं नाही, आणि दोन्ही मी रचलेलं होतं. तीन वर्षं मी रोज प्रार्थनेला बसले आणि उठले. माणूस एवढं घेऊन जगू शकतो, कामही चांगलं करू शकतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

पुण्याहून आल्यावर मी आपल्या पाळकांना, रामदास सरांना, सगळं सांगितलं. वाटलं होतं ते माझ्यासाठी प्रार्थना करतील. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, बाई? तू मला फसवलेलं नाहीस." म्हणून गेल्या मंगळवारी दुपारी, बॅगा भरत असताना, मी दीपकला सांगितलं. तो एका शर्टाची घडी घालत होता. ती घडी त्याने मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग शर्ट ठेवून बाहेर गेला. काय झालं म्हणून श्रेयाने विचारलं, तेव्हा तिलाही मीच सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मला एक आत्या आहे आणि ती इथून अर्ध्या तासावर राहते?"

तिसऱ्या दिवशी दीपक माझ्यासमोर बसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तू जे केलंस ते वाईटच आहे. पण माझ्या बहिणीला माझ्या घरात चोरून यावं लागत होतं, ते मी केलं होतं." मग तो रामदास सरांकडे जाऊन आला. म्हणाला, आमचं जाणं रद्द करायचं तर करा. सरांनी सांगितलं, ते नंतर बघू, आधी शीवला जाऊन ये.

तर प्राची, निघण्याआधी पाटी कोरी करायची म्हणून मी हे लिहीत नाही. पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, तसा तुझ्या क्षमेचा दाखला हातात घेऊन मला विमानात बसायचं नाही. तू मला क्षमा केली नाहीस तर ते न्यायाचंच होईल, आणि जायचं ठरलं तर मी तशीच जाईन. मी लिहिलं ते तुझ्या दोन गोष्टी माझ्याकडे राहिल्या होत्या म्हणून. पहिली आईंची. शुक्रवारी संध्याकाळी त्या शुद्धीवर होत्या, मला माझ्या नावाने हाक मारली, आणि विचारलं, "मृणाल, गुरुवार कधी आहे?" मी म्हटलं, अजून सहा दिवस आहेत. त्या म्हणाल्या, "लांब आहे गं." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दुसरी तुझ्या दादाची: तीन वर्षं माझ्याकडे अडकलेला त्याचा निरोप आता तो स्वतःच घेऊन आलाय. पत्र तुझ्या हातात देणारी ही उंच मुलगी श्रेया आहे, तुझी भाची. ती तुझ्याकडे बघत उभी असेल, तिला बसायला सांग. दीपक खाली गल्लीच्या तोंडाशी उभा असेल. तूही वर जा म्हटलं तर म्हणाला, "तिला आधी सगळं वाचू दे. मग तिने बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर श्रेया खाली आली की आम्ही परत जाऊ." तुमची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे की नाही मला ठाऊक नाही. असेल तर बघ, निळा शर्ट आहे. केस बरेच पांढरे झालेत, पण तू ओळखशील.

एकेकाळची तुझीच,
मृणाल