मुका माज

वेरूळ,
आश्विन

प्रिय लक्ष्मी,

मोरी व्याली. पारडी झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. या म्हशीचं नाव काढलेलं तुला सोसत नाही, ठाऊक आहे मला. तरी पत्र पुरतं वाच.

बद्रीनाथ गेल्यावर आपल्या सासू-सुनेला जो तो सांगत होता, म्हशीला बाजार दाखवा, ती घराला लागली. माझ्या दिरांनी, सूर्यभाननं, तर गिऱ्हाईकही दारात आणलं. मी नाही विकली. ती माजावर आली म्हणून तिला भरवायला डॉक्टर आणायला माझं पोर वैशाखाच्या भर दुपारी सायकल घेऊन खुलताबादच्या घाटात निघालं आणि ऊन लागून वाटेतच कोसळलं. तिचं दावं दुसऱ्याच्या हातात द्यायला माझा हात उचलला नाही.

तू शहरात, उस्मानपुऱ्यात भावाकडं गेलीस आणि घर लई मोठं झालं. दुपार तापली की अंगणात सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज यायचा. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी बाहेर यायची. कुणी नसायचं. मोरी मात्र कान टवकारून फाटकाकडं बघत असायची. मला भास होतो म्हणू, तर तिला कशाचा व्हायचा?

पुढच्या उन्हाळ्यात मी हट्टाला पेटले. त्यानं हाती घेतलेलं काम पुरं व्हायलाच पाहिजे, एवढंच डोक्यात. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. सुया झाल्या, औषधं झाली. सुईनं माज यायचा, डॉक्टर भरवून जायचे आणि म्हैस पुन्हा उलटायची, गाभ धरायचीच नाही. एकदा गोठ्यातच माझा बांध फुटला. डॉक्टर हात धूत होते, ते थांबले. म्हणाले, “मावशी, म्हशीत काही दोष नाही. काळं कातडं, तिला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, रात्रीच्या गारव्यात येतो आणि उजाडल्यावर विरून जातो. सुईनं आणला तरी गर्भ धरेलच असं नाही. थंडी पडू द्या.”

ते बोलणं कितीतरी दिवस माझ्या मागं मागं फिरलं. म्हणजे बद्रीनाथ डॉक्टरला घेऊन वेळेवर आला असता, तरी बहुतेक ती गाभण राहिलीच नसती. मग माझं लेकरू कशापायी गेलं? वैरण टाकताना मी मोरीलाच विचारायची. ती रवंथ करत राहायची.

दिवाळी सरली, हिरवा चारा झाला, गारठा पडला. एका सकाळी मोरी दावं ताणून अशी रेकली, की शेजारची आवडाबाई धावत आली. सुई नाही, औषध नाही, आपणहून माजावर आली. डॉक्टर भरवून गेले आणि या खेपेला ती उलटली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या पहाटे मोरीचं बारीक कण्हणं तू ऐकलंस आणि बद्रीनाथला उठवलंस. डेअरीला दूध घालून बाकीची कामं उरकेस्तोवर त्याला दुपार झाली आणि तो तसाच निघाला. तेरावं झाल्यावर तू माझ्यापाशी बसून म्हणालीस, “आत्याबाई, मी गप राहिले असते तर ते घरीच राहिले असते.” तेव्हा मी वैरण टाकायला म्हणून उठून गेले. आज सांगते. जे कानावर आलं ते तू सांगितलंस, घरच्या माणसानं ते सांगायचंच असतं. ऊन काही तू पाडलं नव्हतंस. काल तुझा भाऊ येऊन गेला. तिकडच्याच छावणी भागातल्या त्या भल्या माणसाचं स्थळ पुन्हा पुन्हा येतंय, आणि तू दर वेळी ‘आत्याबाईंना विचारा’ एवढंच म्हणतेस, असं सांगत होता. मग ऐक. माझा होकार आहे. बद्रीनाथ माझ्यापाशी राहू दे, मी त्याची आई आहे. तू जा. मांडवात मी येणार आहे, आणि कुणी विचारलंच की ही म्हातारी नवरीची कोण, तर आई म्हणून सांगणार आहे.

तुझीच,
आत्याबाई