अप्पांची ओळ आणि मधली डबी

अप्पा, तुमचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी एक डबी विकत घेतली. नव्या फोनला हेडफोन लावायला भोकच नसतं. ही डबी मध्ये बसते, फोनमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचा आवाज करते आणि त्याला जोर देते. तुमची भजनांची कॅसेट आता फोनमध्ये आहे, पण साध्या इअरफोनवर तुम्ही मोरीत बसून गाताय असं वाटायचं. अर्थात आवाज हे निमित्त. मला एक तास हवा होता, ज्यात अम्माची हाक ऐकू येणार नाही. पडल्यापासून ती पलंगावर आहे आणि अण्णा नगरच्या या दोन खोल्यांत तिच्याबरोबर मीही. "अप्पा आले का गे?" तुम्ही गेल्याचं विसरून ती सारखी विचारते. नाही म्हटलं तर रडते, हो म्हटलं तर बोलाव म्हणते. इकडे आड, तिकडे विहीर.

शेजारच्या मामींना तिच्यापाशी बसवून मी एग्मोरच्या दुकानात गेले. दुकानदाराने तमिळमध्ये पहिलाच प्रश्न केला, "वीट्टुलया, वेळियिलया?" घरात ऐकणार की बाहेर. मला हसू आलं. बाहेर कोण जातंय? त्याने एक मोठी डबी दाखवली, स्वतःची बॅटरी असलेली, जड हेडफोनही सहज पेलणारी, पण खिशात विटेसारखी आणि हाताला गरम. दुसरी बोटाएवढी, फोनचंच चार्जिंग खाणारी. मी मोठी मागितली आणि कान पुरते झाकणारे हेडफोन. ते घातले आणि रस्त्याचा आवाज बंद झाला. मग तुम्ही आलात. एक ओळ म्हणालात आणि थांबलात. आमच्यासाठी जागा सोडून गायची तुमची सवय कॅसेटमध्येही तशीच आहे. मी लहान आहे, दिवा लागलाय, सगळं घर तुमची ओळ परत म्हणतंय आणि मी तोंडात मुरुक्कूचा चकलीसारखा तुकडा धरून गप्प बसलेय. तुम्ही टाळ थांबवता. "नुसता ऐकतो तो पाहुणा. तूं पाहुणी अहेस का?" तो राग अजून माझ्या मानेवर बसलाय, अप्पा. दुकानात मी ती ओळ खणखणीत म्हटली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मॅडम, बाहेर ऐकू येतंय," दुकानदार हळूच म्हणाला. तुमच्या पुढच्या ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत तर इतकी शांतता होती की मला वाटलं, घरी अम्मा परत पडली. मी बोटाएवढी डबी घेतली आणि उघड्या जाळीचे हलके हेडफोन. "यात बाहेरचा सगळा आवाज आत येईल," त्याने बजावलं. ज्यासाठी गेले तेच सोडून आले.

काल संध्याकाळी पलंगाशी बसून मी तुमच्या ओळी परत म्हणत होते. अम्माला फक्त माझाच आवाज ऐकू येत होता.

"कोणाला उत्तर देतीस गे?"

"अप्पांना."

तिचा चेहरा सैल झाला. "मग ते अहेत की माझ्यापाशी. तूं जाऊन ये."

मी उठले. चपला घातल्या, दार उघडं ठेवलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसले. तिथून तिचा श्वास ऐकू येत होता. कानात तुम्ही ओळ म्हणालात आणि थांबलात.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. मी ओळ म्हटली नाही. तुम्ही थांबलात, पुढे गेलात, परत थांबलात. मी पाहुणीसारखी नुसती ऐकत राहिले, आणि अप्पा, मला फार बरं वाटलं.