दहाही मासे जिवंत

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मनातल्या मनात मी अजून तुमच्याशीच बोलते. आज ते कागदावर उतरवतेय. तुळजापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला माझ्या बरणीतले तीन मासे मेले होते आणि मी वहीत एकच लिहिला होता. तुम्ही ते तिन्ही उचलून माझ्या तळहातावर ठेवलेत. "जीव घेतलास ना त्यांचा? मग निदान आकडा तरी खरा लिही," एवढंच म्हणालात आणि पुढच्या टेबलाकडं गेलात. मी सगळ्यांसमोर रडले.

आता मी सोलापूरला एका खासगी प्रयोगशाळेत हेच काम करते. जमिनीखालच्या पाण्यात उतरलेलं रसायन किती जहरी आहे ते बघायला त्यात मासे सोडायचे, चार दिवस ठेवायचे, मेलेले मोजायचे. गेल्या महिन्यात जळकोटकडच्या एका कारखान्यानं कुंपणालगतच्या बोअरचं पाणी तपासायला दिलं. बाटली उघडली तर रंगाच्या डब्यासारखा गोडसर वास. सकाळी दहा मासे सोडले. दुपारी ते तळाशी आडवे पडून तोंडं उघडत होते, संध्याकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या मालकांनी नाकाला रुमाल लावून टाकीत बघितलं. "नमुना बिघडला असंल. आपलं चांगलं पाणी घाला चौपट आणि परत लावा." मी घातलं. चार दिवस दहाही मासे मजेत फिरत होते. त्यांच्याकडं बघून मला किळस यायची, त्यांची नाही, माझीच. पाचव्या दिवशी मी अहवालावर सही केली.

परवा त्याच बोअरचा दुसरा नमुना घ्यायला गेले. कुंपणापलीकडच्या वस्तीवरच्या एका मावशींनी हाक मारून बसवलं, चहा टाकला. "वास तर आताबी येतोय ताई," त्या सांगतात, "पर कारखान्यावाल्यानं तुमचा कागद दावला न्हवं, पाणी चांगलं हाय म्हणून. म्या लई दिस लांबनं आणत व्हते. आता हितलंच भरते. लेकरंबी हेच पितेत." कपाच्या वाफेतून तोच गोडसर वास येतो. मी कप खाली ठेवते. मी म्हणते, "मला पित्ताचा त्रास आहे, मावशी. चहा चालत नाही." त्यांना राग येत नाही. वाया कशाला घालवायचा म्हणून माझा चहा त्या आपल्या कपात ओतून घेतात आणि फुंकर घालत पितात.

तुम्ही असतात, तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं सर. त्यांचा कप रिकामा होईपर्यंत मी समोर बसून होते. मग "येते" म्हणून उठले.