नोटीसचं पोट

३ जानेवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण : सूड.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सदाशिवराव, तळमजला, यांनी आज सकाळी पार्किंगमधली मनी पिंजऱ्यात धरली आणि टेम्पोत घालून खानवेलच्या रस्त्याला जंगलात सोडून आले. तिचा गुन्हा काय? तर यांच्या नव्या गाडीच्या कव्हरवर घाण केली. ही मनी परवाच आमच्या मागच्या गॅलरीत, जुन्या कूलरच्या खोक्यात व्याली होती. चार पिल्लं. डोळे मिटलेले. हे सदाशिवरावांना माहीत नव्हतं. मला होतं.

मी गॅलरीतून सगळं बघत होतो. बायकोचं, कल्पनाचं, म्हणणं, एक हाक मारली असती तर त्यांनी मांजर सोडलं असतं. बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही. हाक मारली असती तर गुन्हा अर्धवट राहिला असता.

मागच्या निवडणुकीशी याचा काडीचाही संबंध नाही. सेक्रेटरीपदासाठी मी उभा होतो आणि मला एक मत पडलं. मी मलाच दिलं होतं. कल्पना म्हणते, तिनेही मलाच दिलं. गणित जुळत नाही, पण तो विषय मी केव्हाच सोडून दिलाय.

संकल्प : चारही पिल्लं वाढवायची. होळीपर्यंत चार धडधाकट मांजरं तयार. चौघांचा मुक्काम सदाशिवरावांच्या गाडीवर. एका मांजराचा त्रास होत होता ना? आता घ्या चार.

४ जानेवारी
नावं ठेवली. तोफ, भाला, सुरुंग. चौथी अगदीच चिमूटभर, नुसती चूं चूं करते. तिचं नाव नोटीस, कारण सदाशिवराव दर आठवड्याला लिफ्टमध्ये एक नोटीस चिकटवतात. (‘गॅलरीतून पाणी टाकू नये.’ हे कोणाला उद्देशून आहे ते मला कळत नाही का?)

आहार : गाईचं दूध, साखर, ड्रॉपर. मी मसाटला यार्नच्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. तीन शिफ्ट सांभाळतो. चार पिल्लं म्हणजे काय! एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, लिहून फ्रिजवर लावली. रात्रपाळी कल्पनाने आपणहून घेतली. म्हणजे मी झोपलो होतो, तेव्हा तिने घेतली.

खोक्यात अंथरायला कागद हवा होता. लिफ्टमधली नोटीस काढून आणली. छान बसली.

६ जानेवारी
आनंदाची बातमी. तीन दिवस झाले, खोकं एकदम स्वच्छ. शी नाही, शू नाही. गेलेलं सगळं दूध अंगी लागतंय. झिरो वेस्टेज!! आमच्या प्लांटमध्ये वेस्ट दोन टक्क्यांखाली आणायला मी नऊ वर्षं घासतोय, आणि इथे माझ्या घरात चार मशीन्स शून्यावर चालतात. आलेख काढला. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. प्लांट हेडना मांजरांची आवड दिसत नाही.

७ जानेवारी
पोटं मस्त गोल झालीत. बाळसं धरलंय. कल्पना म्हणते, फार रडतात, पोटं दगडासारखी लागतात. तिला समजावलं, फुल लोडवर मशीन आवाज करणारच.

तिने विचारलं, खाल्लेलं जातं कुठे? नकारात्मक प्रश्न.

८ जानेवारी
कल्पनाने शाळेत रजा टाकली आणि पिल्लांसकट मला किलवणी नाक्याकडे डॉक्टर ईशा मॅडमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, शी-शू होते का? मी अभिमानाने आलेख पुढे केला.

त्या आलेखाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग कल्पनाकडे, फार सहानुभूतीने.

असं समजलं की या वयाच्या पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हाच होते. आई नसेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून माणसाने पुसायचं. प्रत्येक दूध पाजण्याच्या वेळी. मॅडम म्हणाल्या, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर चारही गेली असती. गाईचं दूध बंद, पिल्लांची दूध पावडर चालू.

म्हणजे सदाशिवरावांनी नुसती आई नाही नेली, पिल्लांची शीसुद्धा नेली! हा माणूस किती खोलवर वार करतो बघा. माझी चूक म्हणाल तर अजिबात नाही. एसओपीत हा मुद्दा कोणी सांगितलाच नव्हता.

९ जानेवारी
पुसलं. चौघांनीही मागचा सगळा बॅकलॉग क्लिअर केला. माझ्या ऑफिसच्या शर्टावर. वर जुलाब. दिवसभर पुसणं, धुणं, पावडर, पुसणं.

नाशिकहून आईचा फोन आला, काय करतोस म्हणाली. मिटिंगमध्ये आहे म्हणालो.

याची एकेक परतफेड करीन. सदाशिवरावांच्या बॉनेटवर.

१२ जानेवारी
तोफ, भाला, सुरुंग रुळावर आले. जुलाब थांबले, डोळे किलकिले झाले. भाल्याने मला बोचकारलं. उत्तम! हेच स्पिरिट हवं.

नोटीस मात्र मागे पडलीय. वजन जागच्या जागी. सैन्यात असं चालत नाही. ठरवलं : तिला ओव्हरटाइम. डब्यावर लिहिलंय त्याच्या दुप्पट पावडर घालून घट्ट दूध. डॉक्टरांना सांगायची गरज नाही, आणि कल्पनाला तर नाहीच नाही.

कल्पना म्हणाली, इतका जीव लावताय तर वासोण्याच्या सफारीत सिंहांकडे नोकरी धरा. मी म्हणालो, जीव बीव काही नाही, शुद्ध सूड आहे. ती बरं म्हणाली. तिच्या ‘बरं’चा टोन मला आवडला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
गच्चीवर पतंग, खाली स्पीकर. पिल्लं घाबरून माझ्या बनियनमध्ये शिरलेली. आणि अशात दारात कोण? सदाशिवराव! हातात तिळगुळाची वाटी.

आज दार लावून घेता येत नाही. शत्रू असला तरी वाटी पुढे केली की हात पुढे करावाच लागतो. मी हात पुढे केला. बनियनमधून भाल्याने डोकं बाहेर काढलं.

सदाशिवरावांनी विचारलं, हे काय. कल्पनाने सगळं सांगून टाकलं. मनीची पिल्लं, खोकं, जुलाब, आलेख. आलेखाची काही गरज नव्हती.

त्यांचा चेहरा असा पडला की तिळगुळाआधीच माझं तोंड गोड झालं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही वरून बघत होते ना भो? एक शब्द तरी सांगायचा.” मी मौन पाळलं. मोठी माणसं अशा वेळी मौनच पाळतात. कल्पना माझ्याकडे बघत होती, ते मी बघितलं नाही.

तिळगूळ बरा होता. जरा कडक.

१५ जानेवारी
सदाशिवराव संध्याकाळी गाडी काढून खानवेलकडे गेले. मनीला शोधायला, म्हणे. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत जातोच.

१७ जानेवारी
पुन्हा गेले. आज कल्पनाही बरोबर गेली, मनी तिची हाक ओळखते म्हणून. अंधार पडल्यावर दोघं हात हलवत परत आली. सदाशिवरावांच्या पँटला सगळीकडे काटे चिकटलेले. कल्पना म्हणाली, वाटेत त्यांनी एकदा डोळे पुसले. नाटक! मी लगेच ओळखलं.

तिने त्यांना घरात बोलावून चहा दिला. माझ्या कपात.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी बेल. सदाशिवराव, हातात कापसाची गुंडाळी. म्हणाले, आजपासून सकाळचं पुसणं माझ्याकडे द्या, माझ्यामुळे झालंय ते मीच करतो. मी विचार केला : सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या गॅलरीत मांडी घालून माझ्या मांजरांचं ढुंगण पुसणार. याहून गोड सूड कोणता? परवानगी दिली.

दुर्दैवाने ते हे काम खुशीत करतात. तोफेला गाणं म्हणतात. धुळ्याकडचं काहीतरी. पिल्लू लगेच शी करतं. माझ्याकडे तासभर लागतो.

त्यांनी खोक्यातली नोटीस बघितली. शी लागलेली, त्यांच्या सहीची. खाली जाऊन जुन्या नोटिसांचा गठ्ठाच घेऊन आले, अंथरायला. अपमान करण्याची ही कुठली पद्धत?

२१ जानेवारी
नोटीसला कालपासून शी नाही. तिच्यावर सदाशिवरावांची नजर लागली. दृष्ट काढली. कल्पनाने विचारलं, पावडर मापाने घालता ना? म्हणालो, अर्थातच.

ओव्हरटाइम आणखी थोडा वाढवला. अंगात ताकद आली की जोर करील.

२४ जानेवारी
नोटीसने सकाळपासून दूध घेतलेलं नाही. ड्रॉपर तोंडात दिला की मान फिरवते. पोट टमटमीत. चूं सुद्धा करत नाही. कापूस फिरवून फिरवून माझी बोटं सुरकुतली.

कल्पनाने पावडरचा डबा उचलला, मग तो एवढ्यात कसा संपला असं विचारलं. मी सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

चूक सदाशिवरावांचीच आहे. मनी असती तर मनीने घट्ट दूध पाजलं नसतं. हे मी मोठ्याने म्हणालो.

नोटीस, असं करू नको गं. सूड बिड मरू दे.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी ती हातात अगदी गार लागली. माझ्या गाडीची बॅटरी बसलेली. रिक्षा दिसेना. मी बनियनवर, अंगावर शाल, शालीत नोटीस, असा खाली पळालो आणि सदाशिवरावांचं दार बडवलं.

शत्रूची साधनं युद्धात वापरावीच लागतात. एवढंच त्याचं कारण.

ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी गाडी काढली. तीच गाडी. सीटचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. पुढच्या सीटचं तेवढं फाडून टाकलं, म्हणे नीट बसा, पिल्लाला घसरायला नको. बाटलीत कोमट पाणी दिलं, कापूस दिला. गाडी चालवत सांगत होते, हळू भो, हळू, वर्तुळात फिरवा. मी फिरवत होतो. ते तोफेचं गाणं म्हणायला लागले आणि मला म्हणाले, तुम्ही पण म्हणा. मला गाणं येत नाही. मी म्हटलं.

किलवणी नाक्याच्या अलीकडे नोटीसने अंग ताठ केलं. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटले.

आणि झाली. गेल्या पाच दिवसांची. आधी एक खडा, मग सगळीच. शालीवर, माझ्यावर, गिअरवर, नव्या सीटवर, आणि मी आनंदाने हात वर केला त्यामुळे सदाशिवरावांच्या पांढऱ्या शर्टावर.

सदाशिवरावांनी गाडी बाजूला घेतली. आता ओरडणार, असं मला वाटलं. ते ओरडले. “झाली रे झाली!” असं ओरडले. मीही ओरडलो. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता, त्याला सदाशिवरावांनी खिडकीतून सांगितलं की शी झाली. नोटीस म्हणाली, चूं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे रस्त्याचं काम चाललंय, धूळ फार असते.

डॉक्टर ईशा मॅडमनी औषधाचे थेंब दिले, पोट मोकळं झालंय म्हणाल्या, जगेल म्हणाल्या. घट्ट दूध कोणी पाजलं असं विचारलं. सदाशिवराव पटकन म्हणाले, आम्ही दोघांनी. हा माणूस माझ्या चुकांतही वाटा मागतो.

तर सूड पूर्ण! त्यांच्या नव्या गाडीत, त्यांच्या अंगावर, माझ्या सैनिकाने. उद्या झेंडावंदनाला सगळ्या सोसायटीसमोर हे जाहीर करणार. भाषण लिहून ठेवलं आहे.

२६ जानेवारी
भाषण झालं नाही. झेंडा लावल्याबरोबर सदाशिवरावांनीच सगळं सांगितलं, हातवारे करून. गाणं म्हणून दाखवलं. सीटचा फोटो ग्रुपवर आधीच टाकलेला होता, खाली लिहिलेलं : ‘मुकुंदरावांच्या हाताला यश.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. अख्ख्या सोसायटीत माझ्यासाठी पहिल्यांदा.

माझा सूड या माणसाने दिवसाढवळ्या ढापला. सोडणार नाही.

जिलबी दोन घेतल्या.

२९ जानेवारी, सकाळ
ऐतिहासिक घटना. नोटीस खोक्यातून धडपडत बाहेर आली, कोपऱ्यातल्या मातीच्या ट्रेमध्ये चढली, बसली, आणि तिने आपली आपण शी केली. कापूस नाही, गाणं नाही, कोणी नाही. वर माती लोटायचाही प्रयत्न केला. घट्ट, सुबक, पहिल्या दर्जाचा माल.

कल्पना शाळेत शिकवायला गेली आहे, वर्गात फोन घेत नाही. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, कुणाची शी? ऑफिसात सांगण्यात अर्थ नाही.

सदाशिवराव एव्हाना येतात. अजून आलेले नाहीत. दोनदा दार उघडून बघितलं, जिन्यात कोणी नाही. आजच बरोबर उशीर करायचा! मुद्दाम करतात. माणसाला असं तिष्ठत ठेवायचं म्हणजे काय? याची भरपाई करून घेतल्याशिवाय राहणार नाही.

शी कागदावर घेतली आहे. खाली जाऊन त्यांना दाखवून येतो.